कारण अपुरे

छापणाऱ्यानं चूक केली आहे हे त्याला पहिल्या नजरेतच कळलं. सकाळी टेबलावर रजेच्या नव्या फॉर्मांचा गठ्ठा येऊन पडला होता. दोनशे फॉर्म, शाईचा वासही गेलेला नव्हता. त्यानं वरचा उचलला आणि चष्मा सारखा केला. नाव, क्रमांक, विभाग, कधीपासून, कधीपर्यंत, आणि त्याच्याखाली एकदम सही. मधला रकाना गायब. 'रजेचे कारण' हा सगळ्यांत रुंद रकाना, ज्याच्यासाठी त्यानं एकेकाळी स्वतः छापखान्यात उभं राहून तीन ओळींची जागा करून घेतली होती, तो नव्हताच. त्यानं गठ्ठ्याच्या मधला फॉर्म काढून पाहिला, मग तळाचा. दोनशेच्या दोनशे. जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं त्याला झालं. मग तो सावरला, कारण दुसऱ्यांच्या चुका निस्तरणं हे त्याचं रोजचंच काम होतं. त्यानं खणातून पट्टी काढली, पेन्सिलीला टोक केलं. 'कधीपर्यंत' आणि 'सही' यांच्यामध्ये बोटभर जागा होती, तेवढ्यात दोन रेघा बसत होत्या. वर एक रेघ, खाली एक रेघ, डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'रजेचे कारण'. एका फॉर्मला मिनिटभर. दुपारपर्यंत सगळे हातावेगळे होतील असा अंदाज बांधून तो कामाला लागला.

काम हाताचं असल्यामुळे डोकं मोकळं राहत होतं, आणि मोकळ्या डोक्यात सकाळची ती टकटक पुन्हा पुन्हा येत होती. आज त्यानं नेहमीसारखं बाहेरून दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं, एकदा हिसका देऊन पाहिलं. तीन पायऱ्या उतरला असेल नसेल, तोच आतून दारावर दोनदा वाजलं. जोरात नाही. परक्याच्या दारावर आपण जरा बिचकत वाजवतो ना, तसं. फक्त आतून. गेले चार महिने तो बायकोला घरात ठेवून, बाहेरून कुलूप लावून कामावर येत होता आणि चार महिन्यांत तिनं एकदाही वाजवलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यानं सांगितलं होतं, अगं, हल्ली चोऱ्या फार वाढल्यात, आणि तिनं शहाण्यासारखी मान डोलावली होती. आज तो पायरीवर थांबला. घड्याळात पाहिलं. पुन्हा वाजतं का म्हणून कान देऊन उभा राहिला. वाजलं नाही, तेव्हा उरलेल्या पायऱ्या उतरून तो रस्त्याला लागला. झालं ते एवढंच, कुणाला सांगायला जावं तर सांगण्यासारखंही नव्हतं. पण फॉर्मवरची दुसरी रेघ संपली की दर वेळी त्याला वाटे, वाजलं.

बायको टेलिफोन केंद्रात होती, सव्वीस वर्षं. लोकांचे आवाज एकमेकांना जोडून द्यायचे, हे तिचं काम. चारशे नंबर तिला तोंडपाठ होते, आणि जेवताना तो मुद्दाम एखादं आडनाव टाकायचा तेव्हा ती घास न थांबवता नंबर सांगायची. मूलबाळ नव्हतं. दोघांच्या घरात तो नंबरांचा खेळ बरीच वर्षं पुरला. आता तीच बाई किटलीचं झाकण कपड्यांच्या कपाटात ठेवायची आणि दिवसभर ते शोधायची. चार महिन्यांपूर्वी, भर दुपारी, ती घरच्या चपला घालून बाहेर पडली आणि सरळ जुन्या केंद्राच्या इमारतीत गेली. तिथं आता बुटांचं दुकान आहे. दुकानदारानं फोन केला तेव्हा ती गल्ल्यामागे उभी राहून गिऱ्हाइकांना सांगत होती, थांबा हं, जोडून देते. दुकानदार भला माणूस, त्यानं तिला खुर्ची दिली होती. दुसऱ्या दिवसापासून कुलूप आलं. शेगडीची तोटी बंद, जेवण झाकून ठेवलेलं, पाण्याचा तांब्या हाताशी, आणि नऊ तास. ऑफिसात यातलं त्यानं चकार शब्दानं कुणाला सांगितलं नव्हतं. रजा म्हणाल तर त्याच्या नावावर दोनशे अकरा दिवस पडून होती. पण रजेला कारण लागतं, आणि 'पत्नी घरी एकटी असते' या कारणाची काय वाट लागते हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

कारखाना पितळी नळांचा. एकोणतीस वर्षांपूर्वी तो इथं कर्मचारी विभागात आला, त्या वेळचा मॅनेजर तोंड बघून रजा द्यायचा. सकाळी जो वाकून नमस्कार करी त्याला चार दिवस, जो मान खाली घालून यंत्रावर उभा राही त्याला शून्य. हे त्याच्या डोक्यात गेलं. त्यानं महिनाभर खपून नियम लिहून काढले, रकाना छापून घेतला, आणि भिंतीवर कागद लावला की चेहरा नको, कारण दाखवा. पहिल्या वर्षी लोकांनी त्याला दुवा दिला. पाच वर्षं रजा न मिळालेल्या नळ घासून चकचकीत करणाऱ्या एका अबोल घासकाम्याला त्यानं बहिणीच्या लग्नासाठी आठ दिवस दिले, तेव्हा तो माणूस टेबलासमोर उभा राहून नुसताच रडला होता. कारण म्हणजे न्याय, अशी त्याची त्या दिवशी खात्री पटली. पुढं कारणं वाढली, वाढता वाढता एकमेकांसारखी दिसायला लागली, नकाराचे तेच दोन शब्द लिहून बोटं दुखायला लागली, म्हणून त्यानं रबरी शिक्का करून घेतला. कारण अपुरे. जांभळी शाई. लोक त्याला पाठीमागे कारणेसाहेब म्हणत. हे त्याचं आडनावच आहे असं समजून एका नव्या कामगारानं एकदा अर्जावर 'श्री. कारणे यांस सविनय' असंही लिहिलं होतं. तो अर्ज त्यानं मंजूर केला, मनातून जरा खूश होऊनच.

आणि त्याचा एक ठेवणीतला किस्सा होता. चाचणीच्या टाकीवर एक बाई काम करते. तयार नळाची तोंडं बंद करायची, आत हवा भरायची, पाण्यात बुडवायचा आणि बघत राहायचं. बुडबुडा आला की नळ गळका. अकरा वर्षांपूर्वी तिनं महिनाभराच्या रजेचा अर्ज केला. कारण लिहिलं, नवरा अंथरुणावर असतो, घरी एकटा. कारण अपुरे, कारण अंथरूण म्हणजे दवाखाना नव्हे आणि एकटा असणं हा आजार नव्हे. नियम चोख होता. पंधरा दिवसांनी तिनं पुन्हा अर्ज केला, या वेळी एका दिवसासाठी, आणि तीन ओळींच्या जागेत एकच शब्द लिहिला: असंच. त्यानं तिला बोलावून विचारलं, हे काय? ती म्हणाली, खरं लिहिलं ते अपुरं पडलं, म्हणून. शिक्का. हा किस्सा तो वर्षानुवर्षं रंगवून सांगत आला आणि लोक पोट धरून हसत. एकदा घरी पाहुण्यांपुढे सांगितला तेव्हा सगळे हसले, बायको तेवढी हसली नाही. तिनं विचारलं, "मग दिली का रजा?" छे, देतोय कसली, असं तो म्हणाला, आणि ती कप उचलून आत गेली. एवढं तिनं काय मनावर घ्यावं हे त्याला तेव्हा कळलं नव्हतं.

सहा महिन्यांपूर्वी त्याच्या दारावरची पाटी बदलली. 'कर्मचारी विभाग' गेलं आणि तिथं 'आपली माणसं' आलं, हिरव्या रंगात, अक्षरं गोल गोल. खोलीचा दरवाजाच काढून टाकला, कारण इथं कुणीही कधीही यावं. टेबलं भिंतीला लागली, मध्ये गोल खुर्च्या आल्या, आणि फाटकापाशी एक पेटी आली जिच्यात दर सकाळी आपल्याला आज कसं वाटतंय याची चिठ्ठी टाकायची, हसरा चेहरा, सपाट चेहरा किंवा रडका. तो रोज हसरा टाकायचा. आजही टाकला होता, कुलूप लावल्यावर वीस मिनिटांनी. हे सगळं आणणारी नवी प्रमुख त्याच्या मुलीच्या वयाची, म्हणजे मुलगी असती तर. ती सगळ्यांची नावं घेऊन बोलायची, टाकीपाशी जाऊन उभी राहायची, जेवायला कामगारांच्या बाकावर बसायची. त्याला ती आवडत नव्हती असं नाही. तिचं काम त्याला काम वाटत नव्हतं, इतकंच.

ती आली तेव्हा त्याचे शंभरच्या वर फॉर्म आखून झाले होते. तिनं एक उचलला, उजेडाकडे धरला आणि विचारलं, हे काय करताय? छापखान्यानं रकाना खाल्ला, त्यानं मान वर न करता सांगितलं, काळजी नको, निम्म्याहून जास्त झालेत. तिच्या ओठांपर्यंत हसू आलं होतं, पण ते तिनं आवरलं, एवढं माप तिच्या पदरात टाकायला हवं. मग ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, छापखान्यानं नाही, तो रकाना मीच काढलाय. परवाच्या बैठकीत सांगितलं होतं. परवाच्या बैठकीत तो होता. बसला होता गोल खुर्चीत, आणि सबंध वेळ शेगडीची तोटी बंद केली की नाही हे आठवत होता.

त्याचे कान गरम झाले. कारणाशिवाय रजा द्यायची कशी, तो म्हणाला, उद्या कुणीही उठून मागेल. मागू दे की, ती म्हणाली, रजा त्यांचीच आहे. मग त्यानं तिला जुन्या मॅनेजरची गोष्ट सांगितली, नमस्कारांची, त्या घासकाम्याची. सांगताना त्याचा आवाज चढला. कारण काढून टाकलंत तर चेहरे परत येतील, मॅडम, हे त्यानं अगदी पोटतिडकीनं म्हटलं. हा विचार करायला हवा, ती म्हणाली, दिवस सगळ्यांना सारखेच असतील एवढं मी बघेन. आणि उठता उठता म्हणाली, "आणि कारण विचारायचं नाही असं कुठं म्हणतेय मी? विचारायचं, जरूर विचारायचं. मागायचं नाही."

"दोन्ही एकच."

"नाही हो. मागितलं की माणूस कागद आणतो," ती म्हणाली. मग तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तुमच्या घरी कसं आहे सगळं?"

"ठीक," तो म्हणाला. शब्द विचाराच्या आधी बाहेर पडला, शिक्का पडावा तसा. ती क्षणभर थांबली, आणखी काही येतंय का बघत, आणि गेली. तिच्या जाण्याचा त्याला राग आला. बसली का नाही आणखी जरा? मग स्वतःचाच राग आला, कारण बसली असती तर त्यानं पुन्हा ठीकच म्हटलं असतं. एकोणतीस वर्षं समोर उभ्या राहिलेल्या माणसांना त्यानं मागितलं, हे खरं. विचारलं कधी? त्याला एकही प्रसंग आठवेना. आठवत होती ती पायरी, आणि कान देऊन उभं असताना बाजूच्या नळाचं थेंब थेंब गळणं. बायकोनं वाजवलं ते कशासाठी? काही हवं होतं? तहान? की बाहेर कुणी आहे का, एवढंच तिला कळायला हवं होतं? दार उघडून विचारायला एक मिनिट लागलं असतं. मिनिटभरात एक फॉर्म आखून होतो. तो गठ्ठ्याकडे बघत राहिला आणि हातातली पट्टी खाली ठेवायची त्याला आठवण राहिली नाही.

अकराच्या सुमारास टाकीवाली बाई फॉर्म न्यायला आली. पुढच्या वर्षी निवृत्त होणार होती. पाण्यात राहून राहून तिची बोटं कायमची सुरकुतलेली. तिनं वरचा फॉर्म घेतला, भिंतीपाशी उभी राहून नाव लिहिलं, क्रमांक लिहिला, आणि रकान्याशी थांबली.

"ही रेघ तुमच्या हातची ना, साहेब?" ती म्हणाली. "इथं काय लिहू?"

काहीतरी चांगलंसं बोलावं असं त्याला फार वाटलं, पण तोंडातून आलं ते वेगळंच. त्यानं विचारलं, "तेव्हा रजा दिली नव्हती मी. मग काय केलंत तुम्ही?"

कुठल्या तेव्हा, असं तिनं म्हटलं नाही. "काय करणार? बाहेरून कडी घालून यायचे."

"रोज?"

"साडेतीन वर्षं."

त्याच्या हातातली पट्टी टेबलावर टेकली. खिडकीबाहेर घासकामाची यंत्रं घरघरत होती. पुढचा प्रश्न त्यानं ठरवून विचारला नाही, तो आपोआप आला. "ते आतून वाजवायचे का कधी?"

"त्यांना उठताच कुठं येत होतं? हाक मारायचे. सुरुवातीला रोज, मी कडी घातली की. मग मारेनासे झाले. मला बरं वाटलं तेव्हा, वाटलं, झाली सवय." ती फॉर्मकडे बघत बोलत होती, सहज, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. "सवय नव्हती झाली."

मग तिनं मान वर केली. तिची सगळी हयात पाण्यात टक लावून बघण्यात गेली होती, बारीकसा बुडबुडाही तिच्या नजरेतून सुटत नसे. तिनं विचारलं, "तुमच्या घरी कोण वाजवतंय, साहेब?"

"बायको," तो म्हणाला.

ती हळहळली नाही, आणि तुम्हाला कळलं का आता, असंही तिच्या चेहऱ्यावर आलं नाही. आलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. लाज वाटत होती त्याला, सरळ, साधी लाज, शाळेत उभं केल्यावर वाटते ती. बाईनं त्याच्या टेबलावरचं खोडरबर उचललं, आपल्या फॉर्मवरचा रकाना खोडला, चुरा फुंकून टाकला आणि खाली सही केली. जाता जाता विचारलं, तो शिक्का आहे का अजून? त्यानं खणातून काढून दाखवला. तिनं हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. लहानच आहे की, ती म्हणाली, मला मोठा वाटायचा. आणि टेबलावर ठेवून ती पाळीवर परत गेली.

त्यानं गठ्ठ्याच्या खालचा, न आखलेला एक फॉर्म ओढून काढला. नाव लिहिलं. क्रमांक एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच आठवून लिहावा लागला. कधीपासून: आज. कधीपर्यंत, इथं त्याचं पेन अडलं, मग त्यानं महिनाभर पुढची तारीख घातली. आणि खाली एकदम सही आली. मधली ती बोटभर कोरी जागा त्याला बघवेना. हात सवयीनं पेन्सिलीकडे गेला. पत्नी घरी एकटी असते, हे शब्द त्यानं मनातल्या मनात त्या जागेत लिहून पाहिले, समोरच्या माणसाचे म्हणून वाचले, आणि आपला निकाल काय असता हे त्याला लख्ख कळलं. चार महिने तो कुणाला भीत होता? मॅनेजरला नव्हे, या पोरीला नव्हे. टेबलाच्या या बाजूला बसलेल्या माणसाला तो भीत होता, आणि त्या माणसाला रोज सकाळी आरशात बघून दाढी करत होता. त्यानं सही केली आणि शाई वाळायची वाट न बघता उठला.

प्रमुख बाकावर बसून कुणाशी तरी बोलत होती. तिनं फॉर्म घेतला, तारखा वाचल्या, भुवई जराशी वर गेली, आणि तिनं गुडघ्यावर कागद ठेवून सही करून दिला. काही विचारलं नाही. कारण मागायचं नाही म्हणाली होती, ते पाळत होती बिचारी. तो तसाच उभा राहिला. हातात मंजूर रजा होती आणि पाय हलत नव्हते.

"मॅडम," तो म्हणाला, "विचारा ना."

ती उठून उभी राहिली. "काय झालंय?"

त्यानं सांगितलं. कुलूप, बुटांचं दुकान, थांबा हं, जोडून देते, सकाळची पायरी, सगळं, उभ्या उभ्या, क्रम न लावता. शेवटी तो म्हणाला की आज तिनं आतून वाजवलं आणि मी आलो निघून. बोलताना आपला आवाज फाटतोय हे त्याला ऐकू येत होतं. तिनं त्याला खुर्ची दिली नाही, पाणी दिलं नाही. "मग अजून इथं काय करताय?" एवढंच म्हणाली.

वीस मिनिटांचा रस्ता. इतक्या उजेडात हा रस्ता त्यानं कामाच्या दिवशी कधी पाहिलाच नव्हता. दुकानदार पडदे खाली ओढत होते, कुणीतरी खिडकीत गादी वाळत टाकली होती. महिन्यानंतर काय, हा प्रश्न त्याच्याबरोबर चालत होता, आणि तरी पाय उचलत होते. बुटांच्या दुकानावरून जाताना त्यानं आत पाहिलं. दुकानदारानं हात केला. जिन्याच्या पायऱ्या तो धापा टाकत चढला, किल्ली काढली, आणि कुलपाला लावण्याआधी थांबला. बाहेरून दोनदा वाजवलं. हळू. आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला. मग त्यानं कुलूप उघडलं.

ती दाराशेजारी स्टुलावर बसली होती, पायांत चपला, मांडीवर पर्स. जेवण झाकलेलं तसंच होतं. सकाळपासून ती इथंच बसली असावी. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागच्या उजेडाकडे.

"आज लवकर कसे?" तिनं विचारलं.

सांगण्यासारखं खूप होतं, तीन ओळींत न मावणारं. तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला, बुटांसकट.

"असंच," तो म्हणाला.

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आडनाव टाकल्यावर नंबर शोधताना तिच्या कपाळावर एक बारीक आठी यायची, ती आली. बराच वेळ राहिली. आणि मग तिनं, घासही न थांबवता नंबर सांगायची तितक्या सहज, विचारलं, "मग दिली का रजा?"

"दिली," तो म्हणाला.